खासगीपण जपणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी फोन घेताय? दुकानात पैसे देण्याआधी हे तपासा

जळगावचं गोलाणी मार्केट असो, धुळ्याचा आग्रा रोड असो की शहाद्यातलं एखादं छोटं दुकान, फोन घ्यायला गेलेला माणूस रॅम, कॅमेरा आणि बॅटरी विचारतो. फोनवर कंपनीने दिलेली अँड्रॉइड काढून खासगीपण जपणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची असेल, तर सगळ्यात आधी दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. या फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं कुलूप, उघडतो का? आणि नवी सिस्टीम टाकल्यावर तो पुन्हा बंद करता येतो का? दुकानदाराला बहुतेक वेळा याचं उत्तर देता येत नाही. त्यामुळे तपासणी आपल्यालाच करावी लागते आणि ती पैसे देण्याआधी करावी लागते.

एवढी खटपट कशासाठी, हे थोडक्यात सांगतो. नेहमीच्या अँड्रॉइड फोनमध्ये गुगल प्ले सर्व्हिसेसला सिस्टीमचे खास अधिकार असतात. त्यात बऱ्याच कंपन्या स्वतःची न काढता येणारी ॲप आणि जाहिराती भरतात. कर्ज देणाऱ्या ॲपनी फोनमधले सगळे नंबर उचलायचे आणि हप्ता थकला की नातेवाइकांना फोन करून बदनामी करायची, हे प्रकार आपल्याकडे अनेकांनी सोसले आहेत. गुगलने २०२३ मध्ये प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपना संपर्क यादी आणि फोटो पाहायला बंदी केली, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून थेट उतरवलेल्या ॲपला ती बंदी लागू होत नाही. चांगल्या कस्टम (फोन कंपनीची नसलेल्या, आपण टाकलेल्या) सिस्टीममध्ये ॲपला रिकामी संपर्क यादी दाखवता येते, इंटरनेट तोडता येतं, सेन्सर बंद करता येतात. मात्र सिमकार्ड चालू आहे तोवर तुम्ही कुठल्या टॉवरखाली आहात हे मोबाईल कंपनीला कळतंच. ते कुठलीही सिस्टीम लपवू शकत नाही.

आधी सिस्टीम ठरवा, मग फोन

इथे क्रम उलटा करू नका. आवडलेला फोन घ्यायचा आणि मग त्यावर काय चालेल ते शोधायचं, या वाटेने गेलं की बहुतेकांचे पैसे अडकतात.

ग्राफीनओएस ही आज सुरक्षेच्या बाबतीत सगळ्यात काटेकोर सिस्टीम आहे आणि माझी पहिली पसंती तिलाच आहे. ती गुगलच्या पिक्सेल फोनवर चालते. गुगलपासून सुटका हवी म्हणून गुगलचाच फोन घ्यायचा, हे अनेकांना खटकतं. पण कारण तांत्रिक आहे. पिक्सेलवर बूटलोडर उघडून दुसरी सिस्टीम टाकता येते आणि मग त्या सिस्टीमच्या स्वतःच्या डिजिटल किल्लीने बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. त्यानंतर फोन सुरू होताना दर वेळी सिस्टीमची डिजिटल सही तपासली जाते. पिक्सेल ६ पासून पुढच्या फोनमध्ये टायटन एम२ नावाची वेगळी सुरक्षा चिप आहे, जी पिन ओळखण्याचे अंदाधुंद प्रयत्न रोखते. पिक्सेल ८ पासून मेमरी टॅगिंगची (मेमरीचा चुकीचा वापर पकडण्याची) हार्डवेअर सोय आली, आणि फोनमध्ये घुसणारे हल्ले अडवायला ग्राफीनओएस ती वापरते.

लिनिएजओएस ही सायनोजेनमॉड या जुन्या कस्टम सिस्टीमची वारसदार आहे, २०१६ च्या शेवटी सुरू झाली. शेकडो मॉडेलवर चालते आणि जुन्या फोनला नवं आयुष्य देते. पण बहुतेक फोनवर ती टाकल्यानंतर बूटलोडर उघडाच राहतो. म्हणजे फोन काही वेळ दुसऱ्याच्या हातात गेला, तर तो सिस्टीममध्ये बदल करू शकतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दुसरी उणीव याहून कमी लोकांना माहीत असते. लिनिएजओएस अँड्रॉइडचा वरचा भाग नवा ठेवते, पण मोडेम आणि चिपचं फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) मूळ कंपनीच देऊ शकते. कंपनीने ते थांबवलं की तेवढा भाग जुनाच राहतो. सेटिंगमध्ये व्हेंडर (म्हणजे मूळ कंपनीच्या) सुरक्षा पॅचची तारीख वेगळी दिसते, ती आवर्जून पाहा.

फ्रान्समधून आलेली /ई/ओएस ही लिनिएजच्याच पायावर उभी आहे. गुगलच्या सेवांच्या जागी ती मायक्रोजी हा मुक्त पर्याय वापरते. वापरायला सोपी आहे, पण सुरक्षेच्या अपडेटमध्ये ती ग्राफीनओएसच्या बरोबरीने धावत नाही.

प्रकल्प जिवंत आहे का, हेही बघायचं. डायव्हेस्टओएस डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. कॅलिक्सओएसने ऑगस्ट २०२५ मध्ये अपडेट थांबवत असल्याचं जाहीर केलं. चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून फोन निवडू नका. त्या सिस्टीमच्या अधिकृत संकेतस्थळावर आज कुठले फोन यादीत आहेत आणि शेवटचं अपडेट कधी आलं, ते वाचा.

दुकानात दिसणाऱ्या कंपन्या

खान्देशातल्या दुकानांच्या दर्शनी भागात विवो, ओप्पो, रियलमी, रेडमी आणि सॅमसंग असतात. या कामासाठी त्यातले बरेच बाद होतात.

विवो बूटलोडर उघडू देत नाही. ओप्पोचंही जवळपास तेच. रियलमीने काही ठरावीक मॉडेलना परवानगी दिली होती, पण तिच्या भरवशावर फोन घेऊ नये. रेडमी आणि पोकोवर खातं जोडायचं आणि साधारण ७ दिवस थांबायचं अशी पद्धत होती. त्यांची हायपरओएस ही नवी सिस्टीम आल्यापासून नियम आणखी आवळले गेले. त्यामुळे या फोनवर सेटिंगमधला पर्याय चालू झाला म्हणजे काम झालं असं समजू नका, कंपनीची परवानगी वेगळी लागते. सॅमसंगवर बूटलोडर उघडून दुसरी सिस्टीम टाकली की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो. मूळ सिस्टीम परत टाकली तरी सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंग पे परत येत नाहीत. शिवाय वन यूआय ८ या आपल्या सिस्टीमच्या आवृत्तीपासून कंपनीने हा पर्यायच काढायला सुरुवात केली आहे.

मोटोरोला स्वतःच्या संकेतस्थळावरून अनेक मॉडेलना कोड देते, बदल्यात वॉरंटी सोडावी लागते. वनप्लस आणि नथिंगवर बूटलोडर उघडणं तुलनेने सोपं आहे. घरात यातला एखादा फोन पडून असेल आणि लिनिएजच्या यादीत असेल, तर शिकण्यासाठी जरूर वापरा. पण पैसे खर्च करून नवीन घेणार असाल, तर माझं मत पिक्सेलच्याच बाजूने आहे.

कुठला पिक्सेल?

इथे किमतीआधी अपडेटची शेवटची तारीख बघा. गुगलने हमी दिलेल्या तारखा अशा आहेत:

- पिक्सेल ६ आणि ६ प्रो: ऑक्टोबर २०२६
- पिक्सेल ६ए: जुलै २०२७
- पिक्सेल ७ आणि ७ प्रो: ऑक्टोबर २०२७
- पिक्सेल ७ए: मे २०२८
- पिक्सेल ८ आणि ८ प्रो: ऑक्टोबर २०३०
- पिक्सेल ८ए: मे २०३१
- पिक्सेल ९ मालिका: ऑगस्ट २०३१
- पिक्सेल ९ए: एप्रिल २०३२

गुगलचं फर्मवेअर थांबलं की ग्राफीनओएसचा पूर्ण आधारही थांबतो. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा, म्हणजे स्वस्त वाटणारा फोन खरंच स्वस्त आहे का ते लगेच कळतं. पिक्सेल ८ए भारतात मे २०२४ मध्ये ५२,९९९ रुपयांना आला होता. सेकंडहँड बाजारात आता तो बराच खाली मिळतो, आणि अपडेट, मेमरी टॅगिंग व किंमत या तिन्हींचा मेळ आज मला त्याच्यात सगळ्यात चांगला वाटतो.

६ए आणि ७ए स्वस्त मिळतात, पण दोघांच्याही बॅटरीची कथा आहे. जुलै २०२५ मध्ये गुगलने ६ए साठी सक्तीचं अपडेट आणलं. बॅटरी जास्त तापण्याचा धोका असलेल्या फोनमध्ये ४०० चार्जिंग चक्रांनंतर बॅटरीची क्षमता कमी केली जाते. ७ए मध्ये बॅटरी फुगण्याच्या तक्रारींमुळे दुरुस्तीची खास योजना काढावी लागली. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. मोटारसायकलच्या डिकीत किंवा शेतातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या फोनच्या बॅटरीचं काय होतं, हे इकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून खान्देशात ही दोन मॉडेल घेताना बॅटरी बदललेली आहे का, कुणी बदलली, बिल आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

परदेशातून आणलेल्या फोनबद्दलही सावध राहा. जुन्या मालात ‘अमेरिकेचा पीस’ म्हणून पिक्सेल स्वस्तात दाखवले जातात. अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीने विकलेल्या पिक्सेलचा बूटलोडर उघडतच नाही. बाहेरून तो फोन अगदी तसाच दिसतो. पिक्सेल १० च्या अमेरिकी मॉडेलमध्ये तर सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. पिक्सेल ६ भारतात अधिकृतपणे विकला गेला नव्हता. असे फोन इथल्या नेटवर्कवर व्होल्टीला (४जी वरून होणाऱ्या कॉलला) अडू शकतात. आणि जिओचं २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नसेल तर जिओवर साधा कॉलही लागत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ, किंवा यावल-रावेरच्या वरच्या पाड्यांमध्ये रेंज कुठल्या कंपनीची येते, यावर बरंच काही ठरतं. दूरवर पोचतात त्या खालच्या फ्रिक्वेन्सी. जिओ ४जी साठी ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ वापरते, बीएसएनएलच्या ४जी मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आहे. भारतात विकल्या गेलेल्या मॉडेलचा मॉडेल क्रमांक घेऊन त्याची बँडची यादी जुळवून पाहा. शक्य असेल तर ज्याच्याकडे तो फोन आहे त्याला तुमच्या गावात एकदा तुमचं सिम घालून बघायला सांगा.

ग्राफीनओएसमध्ये फक्त ४जी वापरायचा एक पर्याय आहे, सुरक्षेसाठी चांगला. पण एअरटेल किंवा व्हीआयचा टॉवर तुमच्याकडे फक्त २जी देत असेल, तर तो चालू केल्यावर कॉल बंद पडतील. रानात काम करणाऱ्याने तो बंदच ठेवावा.

दुकानातली तपासणी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. दुकानदार ‘घ्या भाऊ, पक्का पीस आहे’ म्हणेल. त्याला शांतपणे सांगा, ‘दादा, पंधरा मिनिटं सेटिंगमध्ये बघू द्या, सगळं बरोबर असलं तर लगेच घेतो.’ नकार मिळाला तर दुसरं दुकान गाठा.

सोबत स्वतःचं चालू सिम, लॅपटॉप आणि डेटा जाणारी चांगली केबल न्या.

पहिलं काम, *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बघा आणि बॉक्सवरच्या नंबरशी जुळवा. मग KYM लिहून जागा सोडून तो १५ अंकी नंबर १४४२२ वर एसएमएस करा, दोन्ही शब्द-अंक इंग्रजी लिपीत. चोरीला गेलेला, बंद केलेला किंवा दुसऱ्याचा नंबर कॉपी केलेला फोन असेल तर उत्तरात कळतं. सरकारच्या संचार साथी ॲपवरही हेच करता येतं.

दुसरं, फोन रीसेट करून घ्या. सुरू होताना जुन्या मालकाचं जीमेल मागत असेल, तर तो फोन ठेवून द्या. सेटिंगमध्ये ‘हे डिव्हाइस तुमची संस्था व्यवस्थापित करते’ अशा अर्थाचा मजकूर दिसला तरीही ठेवून द्या. आपल्याकडे हप्त्यावर घेतलेल्या बऱ्याच फोनमध्ये फायनान्स कंपनीचं लॉक असतं. हप्ते न भरता विकलेला फोन तुमच्या हातात आला तर तो कधीही बंद होऊ शकतो, आणि त्यातले विकसकांचे पर्यायही अडवलेले असू शकतात.

तिसरी तपासणी निर्णायक. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या पानावर जा आणि बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारा. विकसकांचे पर्याय उघडतील, ते सिस्टीमच्या पानात सापडतात. त्यात ‘ओईएम अनलॉकिंग’ आहे, म्हणजे बूटलोडर उघडायची परवानगी देणारा पर्याय. फोनला आधी वायफाय किंवा तुमच्या हॉटस्पॉटला जोडा, कारण पिक्सेल हा पर्याय देण्याआधी इंटरनेटवरून खात्री करून घेतो. आता तो चालू करून बघा. चालू झाला तर उत्तम. फिकट दिसत असेल आणि इंटरनेट असूनही दाबला जात नसेल, तर तो फोन आपल्या कामाचा नाही, मग किंमत कितीही उतरली तरी. ‘सॉफ्टवेअरने उघडून देतो’ या आश्वासनावर पैसे देऊ नका. दुकानदार घाबरला तर त्याला सांगा की हा पर्याय नुसता चालू केल्याने काही पुसलं जात नाही आणि तो लगेच परत बंद करता येतो. डेटा पुसला जातो तो प्रत्यक्ष बूटलोडर उघडताना.

चौथं, केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमधल्या फाइल दिसतात का बघा. चार्जिंग होतं पण डेटा जात नाही, असे पोर्ट जुन्या फोनमध्ये पुष्कळ असतात. अशा फोनवर सिस्टीम टाकणं अवघड होऊन बसतं, आणि ही तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही.

मग तुमचं सिम घालून कॉल करा. कॉल चालू असताना वर व्होल्टीचं किंवा ४जी-५जीचं चिन्ह टिकतं का, आवाज दोन्हीकडे नीट जातो का, ते ऐका. बोटाचा ठसा नोंदवून चार-पाच वेळा उघडा. पिक्सेल ६ पासून डिस्प्ले बदलला की ठशाचा सेन्सर पुन्हा जुळवावा लागतो. रस्त्यावरच्या दुरुस्तीत हे राहून जातं, म्हणून ठसा चुकत असेल तर पॅनल बदललंय असं समजा. मागचं आवरण कडेने उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. ८ए आणि त्यापुढच्या फोनमध्ये बॅटरीचं आरोग्य सेटिंगमध्येच दिसतं.

शेवटी, आयएमईआय लिहिलेलं तुमच्या नावाचं बिल घ्या. परत करायची मुदत किती दिवसांची आहे, तेही त्यावर लिहून घ्या.

यूपीआय आणि सरकारी ॲप

खासगीपणाच्या फोनवरून लोक परत फिरतात ते इथे, म्हणून स्पष्ट सांगतो. बँकांची ॲप फोन ‘मान्यताप्राप्त’ आहे का हे गुगलच्या प्ले इंटिग्रिटीकडून तपासू शकतात. ग्राफीनओएस या तपासणीची फक्त मूलभूत पायरी पार करते, त्यापुढची नाही. त्यामुळे जी ॲप पुढची पायरी मागतात ती चालत नाहीत. गुगल पे चं टॅप करून पैसे देणं तर चालतच नाही. उघड्या बूटलोडरच्या लिनिएजवर अडचण आणखी मोठी असते. तिथले जुगाड आज चालतात आणि उद्याच्या अपडेटला बंद पडतात. पैशांच्या कामासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

तुमच्या बँकेचं, सोसायटीचं, ई-पीक पाहणीचं, केवायसीचं असं जे जे ॲप लागतं त्याची यादी आधी कागदावर लिहा. फोन परत करायच्या मुदतीतच प्रत्येक ॲप टाकून, नोंदणीपर्यंत जाऊन बघा. यूपीआय नोंदणीत फोनमधून एसएमएस जातो, तेव्हा त्या ॲपला एसएमएसची परवानगी द्यावी लागेल. ई-पीक पाहणीला जीपीएस आणि कॅमेरा लागतो. तो बांधावर जाऊन तपासा, घरात बसून नाही.

एखादं ॲप नाहीच चाललं तर घरातला जुना साधा अँड्रॉइड फोन फक्त बँकेसाठी ठेवा आणि बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्यात घाला. *९९# ही सेवा इंटरनेटशिवाय चालते, यूपीआय १२३पे साध्या बटणाच्या फोनवरही चालतं. दोन फोन सांभाळायचा थोडा त्रास आहे, पण कापसाचे किंवा केळीचे पैसे अडकून बसण्यापेक्षा तो परवडला.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी

ग्राफीनओएसचं वेब इन्स्टॉलर क्रोमियम जातीच्या (क्रोम, एज अशा) ब्राउझरमध्ये चालतं, त्यासाठी लॅपटॉप किंवा दुसरा अँड्रॉइड फोनही पुरतो. त्यावर ३२ जीबी मोकळी जागा ठेवा आणि खासगी विंडो वापरू नका. फाइल एक जीबीहून मोठी असते, म्हणून चांगल्या वायफायवर उतरवा. भारनियमनाची वेळ टाळा किंवा दोन्ही उपकरणं पूर्ण चार्ज करून बसा.

क्रम असा: आधी मूळ सिस्टीम अपडेट करा, ओईएम अनलॉकिंग चालू करा, फोन फास्टबूटमध्ये (बूटलोडरच्या पडद्यावर) न्या, बूटलोडर उघडा, सिस्टीम टाका, बूटलोडर बंद करा. उघडताना आणि बंद करताना दोन्ही वेळा फोनच्या पडद्यावर आवाजाच्या बटणाने होकार निवडून पॉवर बटणाने पक्का करावा लागतो. बंद करण्याची पायरी काहीजण आळसाने सोडतात. ती सोडली तर इतक्या शोधाशोधीने पिक्सेल घेतल्याचा अर्थच उरत नाही. फोन सुरू होताना पिवळ्या सूचनेखाली एक लांब हॅश, म्हणजे सिस्टीमची किल्ली ओळखायची अक्षर-अंकांची ओळ, दिसतो. तो अधिकृत संकेतस्थळावरच्या तुमच्या मॉडेलच्या हॅशशी अक्षरन् अक्षर जुळवा. सगळं सुरळीत सुरू झालं की विकसकांच्या पर्यायांत जाऊन ओईएम अनलॉकिंग बंद करा.

पुढे कधी फोन विकायचा झाला तर गुगलच्या संकेतस्थळावरूनच मूळ सिस्टीम परत टाकता येते. त्या वेळी बूटलोडर बंद करण्याआधी ग्राफीनओएसची किल्ली काढायची विसरू नका. त्यासाठीची आज्ञा त्यांच्या इन्स्टॉलरच्या पानावर शेवटी दिलेली आहे.